हातातला कन्सोल घेताना: यंत्र कोणतं, यापेक्षा दुकान कोणतं

ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'काय ना' जरा कमी केलेत, बाकी बोललो तसंच आहे.

मला येणाऱ्या मेलमध्ये गेलं वर्षभर एक प्रश्न ठाण मांडून बसलाय. शब्द बदलतात, प्रश्न तोच: "हातात धरून खेळायचा कन्सोल घ्यायचाय. स्विच घेऊ, स्टीम डेक घेऊ, की आरओजी अ‍ॅलाय?" खाली बजेट दिलेलं असतं. कुणाचं आठ हजार, कुणाचं सत्तर हजार. आणि त्याखाली बहुतेक वेळा एक ओळ असते: "एकदाच घेणार आहे, त्यामुळे नीट सांगा."

ती शेवटची ओळ मला फार महत्त्वाची वाटते. आपल्यापैकी बहुतेकांसाठी ही दरवर्षीची खरेदी नाही. बोनस आला, चार महिने थोडं थोडं बाजूला टाकलं, घरच्यांची समजूत काढली, तेव्हा कुठे हे जमतं. असा घेतलेला कन्सोल तीन महिन्यांत शोकेसमध्ये जाऊन बसला तर पैसे जातातच, वर घरात पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं.

म्हणून आज 'सगळ्यात भारी कोणता' हे मी सांगणार नाही. तीन प्रश्न देतो, आणि ते याच क्रमाने विचारायचे. पहिला, तुम्हाला खेळायचे गेम्स कोणत्या दुकानात मिळतात? दुसरा, तुम्ही कुठे बसून आणि एका वेळी किती खेळणार? तिसरा, बिघडला तर दुरुस्त कोण करणार? प्रोसेसर, रॅम वगैरे चौथ्या नंबरला. बरेच जण चौथ्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच गाडी चुकते.

ताकदवान यंत्र मागे पडलं, त्याची गोष्ट

ताकद चौथ्या नंबरला का, यासाठी थोडं मागे जाऊ. १९८९ साली निन्टेन्डोने गेम बॉय आणला. तो घडवणाऱ्या टीमचे प्रमुख होते गुनपेई योकोई. त्यांचा आग्रह असा की नवीनतम, महागडं तंत्रज्ञान घ्यायचं नाही. जुनं, स्वस्त झालेलं, ज्याच्या सगळ्या खोड्या माहीत झाल्यात असं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा वेगळा उपयोग करायचा. त्यामुळे गेम बॉयची स्क्रीन कशी, तर हिरवट, चार छटांची, मागे दिवा नाही. अंधारात दिसायची नाही.

त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, रंगीत स्क्रीनचा. १९९० मध्ये सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत, मागे दिवा असलेला. कागदावर दोघंही गेम बॉयपेक्षा कितीतरी सरस. पण गेम गिअर सहा पेन्सिल सेल खायचा आणि तीन ते पाच तासांत मान टाकायचा. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास चालायचा, आणि बरोबर टेट्रिस होता. निकाल काय लागला? गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८० लाखांच्या वर विकले गेले. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला.

आपल्याकडे तेव्हा खरा गेम बॉय फार थोड्या घरांत होता. आपल्याकडे होता ब्रिक गेम, खोक्यावर 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम्स' असं छापलेला. आत मोजून दहा-बारा प्रकार. तरीही मे महिन्याच्या सुट्टीत तो भावंडांत भांडणं लावायचा, कारण दोन सेलवर चालायचा, खिशात मावायचा आणि पडला तरी फुटायचा नाही. हातातल्या यंत्राची परीक्षा हीच असते. उचललं की लगेच सुरू होतं का, आणि आपला वेळ संपेपर्यंत टिकतं का.

प्रश्न पहिला: दुकान

आपल्याला वाटतं आपण यंत्र विकत घेतोय. प्रत्यक्षात आपण एका दुकानाशी सोयरीक करतोय. यंत्र चार-पाच वर्षांत जुनं होतं, त्यावर घेतलेले गेम्स मात्र पुढेही हवे असतात. तीन-चार वर्षांत गेम्सवरचा खर्च कन्सोलच्या किमतीला गाठतो, कधी ओलांडतो. म्हणून दुकान आधी.

निन्टेन्डोचं दुकान घ्या. मारिओ, झेल्डा, पोकेमॉन यांचे मुख्य गेम्स हवे असतील तर स्विच किंवा स्विच २, विषय संपला. ते दुसऱ्या कन्सोलवर येत नाहीत. मात्र निन्टेन्डोचे स्वतःचे गेम्स सहसा स्वस्त होत नाहीत. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' २०१७ चा, पण कित्येक वर्षांनंतरही त्याची यादीतली किंमत ५९.९९ डॉलरच होती. शिवाय भारतासाठी निन्टेन्डोचं अधिकृत ऑनलाइन दुकान नाही. लोक दुसऱ्या देशाचं खातं उघडतात आणि गिफ्ट कार्डं घेऊन खेळतात. इथे कॅसेट कामी येते. हो, आपण लहानपणी जिला कॅसेट म्हणायचो तीच, आता नखाएवढी. स्विचच्या कॅसेटला देशाचं कुलूप नाही. दुबईहून आणलेली इथे चालते, खेळून झाली की विकता येते, मित्राला देता येते. स्विच २ साठी घेताना खोक्यावर नीट बघा. काही गेम्स 'गेम-की कार्ड' म्हणून येतात. त्या कार्डात गेम नसतोच, नुसती किल्ली असते. गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो.

दुसरं दुकान वाल्व्ह कंपनीचं, स्टीम. इथे किमती रुपयांत दिसतात, यूपीआय चालतं, आणि उन्हाळी-हिवाळी सेलमध्ये जुने गेम्स निम्म्या, कधी पाव किमतीत मिळतात. मुख्य म्हणजे हे दुकान यंत्राला बांधलेलं नाही. ज्याने २००४ साली 'हाफ-लाइफ २' घरच्या कॉम्प्युटरवर घेतला, तो २०२२ साली आलेल्या स्टीम डेकवर तोच गेम एक रुपया न देता खेळतो. कॉम्प्युटरवर अर्धा खेळलेला गेम, त्याला क्लाउड सेव्हची सोय असेल तर, डेकवर तिथूनच पुढे सुरू होतो.

याउलट उदाहरण बघायचं तर सोनीचं बघा. पीएसपीचे गेम्स यूएमडी नावाच्या छोट्या तबकडीवर यायचे. पुढचा कन्सोल व्हिटा, त्यात ती तबकडी घालायला जागाच नव्हती. ज्यांनी कपाट भरून तबकड्या जमवल्या ते तसेच राहिले. निन्टेन्डोनेही थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये नव्या खरेदीसाठी बंद केलं. स्विच २ मात्र पहिल्या स्विचचे बहुतेक गेम्स चालवतो, त्याचं श्रेय द्यायला हवं.

आता एक बारकावा. स्टीम डेक लिनक्सवर चालतो आणि विंडोजचे गेम्स 'प्रोटॉन' नावाच्या दुभाष्यामार्फत चालवतो. बहुतेक गेम्सना हे उत्तम जमतं. पण फसवाफसवी रोखणारी जी सॉफ्टवेअर्स विंडोजच्या पोटात खोलवर बसतात, त्यांच्यापाशी घोडं अडतं. फोर्टनाइट डेकवर थेट चालत नाही. एक्सबॉक्स गेम पासचे गेम्सही डेकवर उतरवून खेळता येत नाहीत. तुमचे मित्र रोज रात्री फोर्टनाइटवर जमत असतील, तर तुम्हाला विंडोजचं यंत्रच हवं, म्हणजे आरओजी अ‍ॅलायसारखं. त्या बदल्यात विंडोजच्या कटकटीही घरी येतात. खेळायला बसलात की अपडेट, आणि झोपवून ठेवलेलं यंत्र बॅगेत परत जागं होऊन तापलेलं. डेकचं बटण दाबलं की गेम थांबतो, परत दाबलं की त्याच ठिकाणी सुरू. ज्यांना दिवसातून वीस मिनिटं मिळतात त्यांच्यासाठी ही सोय कोणत्याही प्रोसेसरपेक्षा मोठी आहे.

स्टीमवर खोक्यात टाकण्याआधी गेमच्या पानावर डेकसाठीचा शेरा बघा. 'व्हेरिफाइड' म्हणजे बिनधास्त, 'प्लेएबल' म्हणजे थोडी खटपट, 'अनसपोर्टेड' म्हणजे नाद सोडा. तुमचे आवडते दहा गेम्स कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे हा शेरा लिहा. अर्धा निर्णय तिथेच होतो.

प्रश्न दुसरा: कुठे आणि किती वेळ

बॅटरीचं गणित सोपं आहे, फक्त भागाकार. बॅटरीची क्षमता वॉट-तासांत असते. यंत्र किती वॉट खातं त्याने भागा, उत्तर तासांत येतं. पहिल्या आरओजी अ‍ॅलायची बॅटरी ४० वॉट-तासांची. पूर्ण जोरात चालवलं आणि ते तीस वॉट खायला लागलं, तर चाळीस भागिले तीस, म्हणजे एक तास वीस मिनिटं. डेक्कन क्वीनने पुण्याहून निघालात तर लोणावळ्याच्या थोडं पुढे खेळ खल्लास. मुंबई यायला सव्वातीन तास लागतात. म्हणूनच २०२४ च्या अ‍ॅलाय एक्समध्ये त्यांनी बॅटरी थेट ८० केली. स्टीम डेकच्या ओलेड मॉडेलमध्ये ती ५० आहे आणि वाल्व्ह स्वतः तीन ते बारा तास सांगते. साधा द्विमितीय गेम असेल तर वरचा आकडा, भारी गेम असेल तर खालचा.

मग स्विच ओलेड त्याहून कितीतरी लहान बॅटरीवर साडेचार ते नऊ तास कसा चालतो? त्यातली चिप मोबाइलच्या जातीची, कमी खाणारी, आणि गेम्स तिच्याच मापाने शिवलेले. स्विच २ ताकदीने वाढला तसा त्याचा अधिकृत आकडा दोन ते साडेसहा तासांवर आला. ताकद फुकट मिळत नाही, ती बॅटरीतून वळती होते.

पॉवर बँकेवर विसंबणार असाल तर तिचे वॉट तपासा. डेकचा चार्जर ४५ वॉटचा, अ‍ॅलायचा ६५ चा. मोबाइलची दहा-अठरा वॉटची पॉवर बँक लावलीत तर भारी गेम खेळताना बॅटरी भरायच्या ऐवजी हळूहळू उतरतच राहते.

स्क्रीनबद्दल. डेकची स्क्रीन १२८० बाय ८००, म्हणजे सुमारे दहा लाख ठिपके. अ‍ॅलायची १९२० बाय १०८०, सुमारे वीस लाख. लेनोव्होच्या लीजन गोची २५६० बाय १६००, जवळपास एक्केचाळीस लाख. आकडा मोठा दिसला की आपण खूश होतो. पण सात-आठ इंचांच्या स्क्रीनवर दुप्पट ठिपके म्हणजे चिपला दुप्पट रंगकाम. बरेच जण शेवटी सेटिंगमध्ये जाऊन ठिपके कमीच करतात. मी स्वतः रंगांच्या बाबतीत ओलेडला पैसे देईन, ठिपक्यांना नाही.

आणि वजन! यावर कुणी बोलत नाही. स्विच लाइट २७५ ग्रॅम. स्विच ओलेड कंट्रोलरसकट ४२०. डेक ओलेड ६४०. अ‍ॅलाय एक्स ६७८. लीजन गो ८५४. अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली दोन हातांत छातीसमोर धरून पंधरा मिनिटं बसा. डेक त्याहून जड आहे. टेबलावर हात टेकून, मांडीवर उशी घेऊन हे चालतं. गादीवर उताणं पडून खेळलात तर झोप लागल्यावर तो नाकावर पडतो, हे अनुभवाने सांगतोय. सकाळच्या लोकलमध्ये उभ्याने तर विसराच.

प्रवासाचा अजून एक मुद्दा इंटरनेटचा. खंडाळ्याच्या बोगद्यांत नेटवर्क जातं, कसारा घाटात जातं, एसटी आडरस्त्याला लागली की जातं. त्यामुळे दुसरीकडून प्रक्षेपण घेऊन खेळणारी यंत्रं प्रवासात नकोत. गेम आधी उतरवून ठेवा, निघण्यापूर्वी घरी एकदा उघडा आणि मग ऑफलाइन करा.

प्रश्न तिसरा: बिघडला तर

निन्टेन्डो आणि वाल्व्ह ही यंत्रं भारतात अधिकृतपणे विकत नाहीत. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जी मिळतात ती आयात केलेली. दुकानदार म्हणतो "वॉरंटी आहे ना साहेब." ती दुकानाची वॉरंटी असते, कंपनीची नव्हे. दुकान चांगलं असेल तर ती कामी येते, पण बिलावर लिहून घ्या: किती महिने, कशाकशावर, बदलून देणार की दुरुस्त करून. आसूसचं तसं नाही. आरओजी अ‍ॅलाय २०२३ मध्ये भारतात अधिकृतपणे ६९,९९० रुपयांना आला, सोबत कंपनीची वॉरंटी. सोनीचा पोर्टलही इथे अधिकृतपणे मिळतो.

आधी काय बिघडतं? बहुधा स्टिक. आपण बोट काढलं तरी पात्र आपोआप एका बाजूला चालायला लागतं, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. साध्या स्टिकच्या आत एक पट्टी घासली जाते आणि झिजते. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये चुंबक असतो, तिथे घासणं नाही, त्यामुळे ती झीजही नाही. लीजन गोमध्ये अशा स्टिक आहेत. स्विचचे कंट्रोलर निघतात, त्यामुळे बिघडला तर तेवढाच बदलता येतो. स्विच लाइटचे निघत नाहीत, अख्खं यंत्र कारागिराकडे न्यावं लागतं.

छुपा खर्चही यातच धरा. मेमरी कार्ड लागणारच. 'बाल्डर्स गेट ३' एकटाच दीडशे जीबी मागतो. डेकला साधं मायक्रोएसडी चालतं. स्विच २ ला मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं. ते महाग असतं, आणि घरातलं जुनं कार्ड गेम्स ठेवायला चालत नाही.

तुमच्या मेलमधले चार प्रश्न

नाशिकच्या एका ताईंनी लिहिलंय: आठ आणि बारा वर्षांची दोन मुलं, घरात एक टीव्ही, मोबाइल सुटावा म्हणून काहीतरी हवंय. ताई, स्विच घ्या, पण लाइट नको. लाइट टीव्हीला जोडता येत नाही, आणि दोघांत एकच यंत्र म्हणजे पुन्हा भांडण. साध्या स्विचचे किंवा ओलेडचे दोन्ही कंट्रोलर काढून दोघांना एकेक देता येतात. चांगल्या स्थितीतला सेकंडहँडही चालेल. पालकांसाठी निन्टेन्डोचं अ‍ॅप आहे, त्यात रोजची वेळ बांधून देता येते. मोबाइल सुटेल असं वचन मात्र कुठलंच यंत्र देत नाही. टीव्हीसमोर चौघं मिळून मारिओ कार्ट खेळलात तर निदान एकटेपणाची सवय तरी मोडेल.

चिंचवडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्या एका दादांचं बजेट सत्तर हजार. जुन्या कॉम्प्युटरवर स्टीमचे साठेक गेम्स आहेत, बहुतेक गोष्टीचे, एकट्याने खेळायचे. दुसरी शिफ्ट संपली की रात्री तासभर खेळतात. दादा, तुमचं दुकान आधीच ठरलंय, स्टीम. तुमच्या गेम्सना डेक सगळ्यात सोयीचा. पण एवढी वर्षभराची साठवण दुकानाच्या तोंडी वॉरंटीवर ठेवायची का, हे तुम्हीच ठरवा. ओळखीचं, लेखी बिल देणारं दुकान असेल तर डेक ओलेड. नसेल तर अधिकृत अ‍ॅलाय घ्या. रोज घरीच खेळता, चार्जर शेजारी आहे, म्हणजे त्याची बॅटरीची खोड तुम्हाला टोचणार नाही.

ठाण्याच्या एका श्रोत्यांकडे पीएस ५ आहे, पण संध्याकाळी सात ते दहा टीव्ही मालिकांच्या ताब्यात. त्यांना पोर्टल. आठ इंची स्क्रीन, २०२४ मध्ये भारतात आला तेव्हा किंमत १८,९९० रुपये होती. पण लक्षात घ्या, पोर्टलमध्ये गेम चालत नाही. गेम पीएस ५ वर चालतो आणि चित्र वाय-फायवरून हातात येतं. राउटर हॉलमध्ये आणि तुम्ही दोन भिंतींपलीकडे असाल, तर आधी मोबाइलवर सोनीचं रिमोट प्लेचं अ‍ॅप टाकून त्याच खोलीत खेळून बघा. तिथे अडखळलं तर पोर्टलही अडखळेल. ब्लूटूथ हेडफोन त्याला जोडता येत नाहीत, वायरचे घ्या.

कोल्हापूरच्या कॉलेजमधल्या मित्राचं बजेट आठ हजार. मित्रा, मोबाइल बरा असेल तर दोन्ही बाजूंनी मोबाइलला पकडणारा कंट्रोलर घे आणि थांब. दुसरा पर्याय अ‍ॅनबर्निक किंवा मियू मिनीसारखी जुन्या गेम्सची यंत्रं. खिशात मावतात, मस्त चालतात. पण विक्रेते त्यासोबत हजारो गेम्स भरलेलं कार्ड देतात, ते बहुतेक चोरीचं असतं. आणि ती कार्डं दर्जाने इतकी सुमार असतात की सहा महिन्यांत गेम्ससकट तुझी प्रगतीही घेऊन जातात. चांगलं कार्ड वेगळं घे.

सेकंडहँड घेत असाल तर

समोरासमोर भेटा आणि अर्धा तास मागून घ्या. सेटिंगमध्ये जाऊन स्टिक तपासा, हात न लावता खूण हलते का ते बघा. एक भारी गेम वीस मिनिटं चालवा, बॅटरी किती टक्के उतरली ते लिहून ठेवा आणि पंख्याचा आवाज ऐका. चार्जर लावून, काढून बघा. कार्ड घालून बघा. आधीच्या मालकाचं खातं तुमच्यासमोर काढायला लावा. स्विच असेल तर तो हॅक केलेला आहे का, ते स्पष्ट विचारा. निन्टेन्डो अशा यंत्रांना ऑनलाइन सेवेतून बाद करते, आणि मग स्वस्तात मिळालेला कन्सोल दुकानाबाहेर उभा राहतो.

एवढं करूनही मन ठरत नसेल, तर कुणाकडून तरी एका शनिवार-रविवारसाठी मागून आणा. रविवारी रात्री परत देताना हात जड झाला तर घ्या. शनिवारी दुपारीच तो बाजूला पडून राहिला असेल, तर तुमचे पैसे वाचले.

तुमच्याकडे कोणता आहे आणि तो महिन्यातून किती वेळा खरंच हातात येतो, तेवढं मला कळवा. पुढच्या भागात टीव्हीला जोडायच्या कंट्रोलरबद्दल बोलू. तोवर, खेळत राहा, आणि अधूनमधून मान वर करून घरच्यांकडेही बघत राहा!